पहिलं हरिकेन: प्लॅस्टिकचं लढाऊ विमान जोडायचं आणि रंगवायचं कसं

दिवाळीत किल्ला केला नाही असं पोरगं बेळगावात शोधून सापडायचं नाही. चिखल कालवायचा, पोती भिजवायची, बुरूज रचायचे, वर मावळे मांडायचे, म्हणजे मोठी गोष्ट लहान करून मांडायची हौस आपल्याकडं आहेच की. पण प्लॅस्टिकचं विमान म्हटलं की लगेच 'आपल्याला जमायचं नाही, लई बारीक काम आहे' सुरू होतं. बारीक आहे, खरं आहे, पण अवघड नाही. नव्या माणसाचं मॉडेल बहुतेक वेळा बिघडतं ते क्रम चुकल्यामुळं. आधी काय रंगवायचं, नंतर काय चिकटवायचं, कुठं हात आवरून गप्प बसायचं, एवढं कळलं की निम्मं काम झालं. म्हणून खाली सामानापेक्षा क्रमावर जास्त बोलणार आहे.

कुठलं विमान घ्यायचं

माझं मत सरळ आहे, पहिलं हॉकर हरिकेन घ्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, आणि १/७२ स्केलमध्ये घ्या. १/७२ म्हणजे खऱ्या विमानापेक्षा ७२ पट लहान. खऱ्या हरिकेनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेल झालं साधारण १७ सेंटिमीटर, वहीच्या पानावर बसतं. १/४८ मध्ये तेच २५ सेंटिमीटरच्या वर जातं, भाग मोठे असल्यामुळं धरायला सोपे पण पैसे जास्त, आणि रंगवायला जागा पण जास्त, ब्रशनं रंगवणाऱ्याला ते जड जातं.

सगळे स्पिटफायरच्या मागं असतात. देखणं आहे, मान्य. पण स्पिटफायरचे पाय जवळजवळ, हरिकेनचे पाय लांब लांब कारण त्याची चाकं आतल्या बाजूला मिटतात, त्यामुळं मॉडेल टेबलावर भक्कम उभं राहतं. शेपटीखाली चाक असल्यामुळं नाकात वजन भरायची भानगड नाही. १९६५ च्या युद्धातलं आपलं नॅट घेतलं, तर त्याला नाकाखाली चाक आहे, जोडताना नाकात शिशाचे छर्रे नाही भरले तर विमान शेपटीवर बसतं आणि तोपर्यंत बॉडी बंद झालेली असते, मग काही करता येत नाही. अशा गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलला ठेवा.

शिवाय हरिकेन आपलं पण आहे. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत इंडियन एअर फोर्सची १ नंबर स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढं हवाई दलाचे मार्शल झाले. आपली सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी पण त्याच धामधुमीतली, १९४२ ची, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं बांधलेली. आणि सांबऱ्याचंच विमान करायचं असेल तर दुसऱ्या नंबरला हॉकर हंटर करा, १८ डिसेंबर १९६१ ला गोव्यात बांबोळीचं वायरलेस स्टेशन ज्या हंटरनी उडवलं ती १७ नंबर स्क्वाड्रनची विमानं इथूनच गेलेली. पण ते नंतर.

किट घेताना एक बघायचं. प्लॅस्टिक किटचे साचे फार वर्षं चालतात, त्यामुळं नव्या चकचकीत डब्यात पन्नास वर्षं जुन्या साच्यातले भाग असू शकतात. जुन्या साच्यात पत्र्यांच्या जोडरेषा वर उठलेल्या असतात, भागांच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आलेला असतो आणि सांधे नीट बसत नाहीत. नव्या साच्यात रेषा आत कोरलेल्या असतात. एअरफिक्स कंपनीचं १/७२ मधलं नव्या साच्याचं हरिकेन मार्क १ (हरिकेनची पहिली आवृत्ती) नवशिक्याला उत्तम, भाग कमी आणि बसतात पण नीट. बेळगावात खेळण्यांच्या दुकानात विचारलं तर बहुतेक ठिकाणी तयार धातूचं विमान पुढं करतील, आपल्याला ते नको, त्यामुळं ऑनलाइन मागवायचं. रंग मात्र वेळेत मागवा, स्प्रे कॅन आणि इनॅमल हे ज्वलनशील म्हणून विमानानं पाठवत नाहीत, रस्त्यानं येतात आणि उशीर होतो.

सामान, त्यातलं बरंच गावातच मिळतं

हॉबीवाल्यांची महागडी हत्यारं पहिल्याच दिवशी घ्यायची गरज नाही. मेडिकलमध्ये जा आणि ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि त्याला ३ नंबरचं हँडल मागा, हॉबी नाईफपेक्षा धार जास्त आणि ब्लेड स्वस्तात मिळतं. किटचे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, ती फ्रेम, त्या फ्रेमवरनं भाग तोडायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला बारीक साइड कटर. चिमटा घड्याळ दुरुस्तीवाल्यांचं सामान मिळतं तिथनं, टोकं एकमेकांवर नीट बसतात का ते तिथंच उजेडाला धरून बघा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणी ओळखीचं असेल तर नीडल फाइलचा सेट कुठं चांगला मिळतो ते त्याला विचारा.

वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात. ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा एकेक कागद घ्या. दुकानदार विचारणारच, "दरवाजा घासायचाय का बॉनेट?" "मामा, विमान घासायचंय" म्हणा आणि त्याचं तोंड बघा. त्याच दुकानात फटी भरायच्या एनसी पुट्टीची छोटी ट्यूब आणि ग्रे प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या थराचा, स्प्रे कॅन मिळतो. एनसी थिनर मात्र मॉडेलच्या जवळपास पण आणू नका, तो हे प्लॅस्टिक विरघळवतो. डबा धुवायला ठीक, विमानाला लावायला नाही.

चिकटवायला तीन गोष्टी लागतात आणि तिन्हीची कामं वेगळी. मुख्य काम पातळ मॉडेल सिमेंटचं, तामिया कंपनीचं एक्स्ट्रा थिन सगळे वापरतात. ते खरं म्हणजे गोंद नाहीच, प्लॅस्टिकला किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतं. फेविक्विक लागतं ते धातूचा भाग नाहीतर तार बसवायला, थेंबभर. आणि काचेला, म्हणजे कॅनोपीला, साधा पांढरा फेविकॉल. फेविक्विकची वाफ पारदर्शक भागावर पांढरी धूर धरल्यासारखी बसते आणि कॅनोपी कायमची अंधारते, म्हणून कॅनोपीच्या आसपास फेविक्विकची बाटली उघडायची सुद्धा नाही.

रंगाचं म्हणाल तर अ‍ॅक्रिलिक घ्या, वास कमी, पाण्यानं ब्रश धुता येतो. वायेहो किंवा तामिया, कुठलंही, पण तामियाचं अ‍ॅक्रिलिक ब्रशनं ओढायला जरा त्रास देतं, लवकर वाळतं आणि खालचा हात उचकटतो, वायेहो ब्रशला बरं. चित्रकलेच्या ट्यूबमधलं अ‍ॅक्रिलिक नुसत्या प्लॅस्टिकवर टिकत नाही, नखानं निघतं. हरिकेनला लागतात डार्क अर्थ, डार्क ग्रीन, स्काय, इंटिरियर ग्रीन, काळा, पिवळा, चंदेरी आणि ग्लॉस व मॅट वार्निश. एअरब्रश आत्ता नको. गणपतीच्या आधी मूर्तिकारांकडं कॉम्प्रेसरची गन चालताना बघून मोह होतो, पण गन साफ करायला शिकण्यातच पहिलं मॉडेल जातं. दोन चपटे आणि दोन बारीक सिंथेटिक ब्रश पुरे.

आता काम सुरू

पहिल्या दिवशी गोंद उघडायचाच नाही. फ्रेम कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं मऊ टूथब्रश मारून धुवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेल भागांवर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. निथळत ठेवा आणि तोवर किटमधली जोडणीची माहितीपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, एकेका भागावर पेन्सिलनं खूण करा की हा चिकटवायच्या आधी रंगवायचा का नंतर. हे वीस मिनिटांचं काम लोक टाळतात आणि मग सीट बसवून बॉडी बंद केल्यावर आत ब्रश घालायला बघतात.

भाग तोडताना दोनदा कापायचं. आधी भागापासून लांब, फ्रेमच्या बाजूला, मग उरलेला तुकडा ब्लेडनं थोडा थोडा करत. एकदम भागाला लागून कापलं की प्लॅस्टिक ओढलं जातं आणि तिथं पांढरा खड्डा पडतो. हातानं पिळून तर कधीच तोडू नका. आणि सगळे भाग एकदम तोडून ठेवू नका, नंबर फ्रेमवर असतात, भागावर नसतात. जेवढे आज लागणार तेवढेच, आणि ते कुंद्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक डब्यात. एक बारीक भाग फरशीवर पडला की तो घरातल्या केरात गेलाच समजा, म्हणून टेबलाखाली जुनी पांढरी चादर पसरा.

कॉकपिट. १/७२ मध्ये कॉकपिट म्हणजे नखाएवढी जागा, पण ती आधी संपवायची. आतली बाजू इंटिरियर ग्रीन, हा फिकट राखाडी हिरवा असतो. डॅशबोर्ड काळा. तो वाळला की जुना ब्रश पांढऱ्या-राखाडी रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि मग डॅशबोर्डवरनं अलगद फिरवा, उठलेल्या डायलच्या कडा आपोआप दिसायला लागतात. यालाच ड्रायब्रश म्हणतात आणि पुढं सगळीकडं उपयोगी पडतो. सीटबेल्ट किटमध्ये बहुतेक नसतात, मास्किंग टेपच्या एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या पट्ट्या कापून फिकट तपकिरी रंगवून सीटवर चिकटवा. नाहीतर पायलट बसवा, तो बसला की सगळं झाकलं जातं, लाजायचं काही कारण नाही.

बॉडीचे दोन अर्धे. आधी कोरडं जुळवायचं, गोंद न लावता, मास्किंग टेपनं बांधून. कॉकपिट आत घालून बंद होतंय का? फट कुठं राहते? फट असेल तर बहुतेक वेळा आतला एखादा भाग जाड बसलाय किंवा कापलेल्या जागी गाठ राहिलीये, ती घासा. दाबून बसवायचा प्रयत्न नको. सगळं गोंदाशिवाय बसलं की टेप तशीच ठेवून सांध्यावर पातळ सिमेंटचा ब्रश नुसता टेकवायचा, ते आपलं आपण सांध्यात धावत जातं. बोट मात्र सांध्यावर नको, बोटाखाली सिमेंट शिरलं की प्लॅस्टिकवर तुमचा ठसा उमटतो, आधार कार्डाला दिल्यासारखा. दोन-दोन सेंटिमीटर करत पुढं जा, रबर बँड लावा आणि रात्रभर ठेवा. रात्रभर म्हणजे रात्रभर. वरनं कोरडं वाटतं पण आतलं प्लॅस्टिक मऊच असतं आणि लगेच घासलं तर काही दिवसांनी तो सांधा आत बसतो, रंगाखाली रेघ दिसायला लागते.

सांधा घासताना हरिकेनचं एक लक्षात ठेवायचं. पुढचा भाग पत्र्याचा, पण कॉकपिटच्या मागची बॉडी म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड होतं, म्हणून मॉडेलवर तिथं लांब लांब उठाव असतात. सगळीकडं सारखा पेपर मारला की ते उठाव सपाट होतात आणि हरिकेन हरिकेन राहत नाही. तिथं पेपरची घडी घालून फक्त पाठीच्या आणि पोटाच्या मधल्या रेषेवर चालवा. फटीत एनसी पुट्टी भरायची ती टूथपिकनं, अगदी पातळ, दोनदा-तीनदा. एकदम जाड भरली की तिच्यातलं थिनर प्लॅस्टिक खातं आणि वाळताना खचते ते वेगळंच. मग ४०० पाण्यात भिजवून, मग ६००, मग १०००. झालं असं वाटलं की सांध्यावर चंदेरी रंगाचा हलका हात मारा. चंदेरी खोटं बोलत नाही, केसाएवढी रेघ पण दिसते. दिसली की परत.

पंख. हरिकेनचा मधला भाग सपाट आणि चाकांच्या बाहेरचे पंख वर उचललेले. समोरनं बघितलं तर दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर हवीत, त्यासाठी मागं ग्राफ पेपर उभा करून ठेवा आणि एक डोळा मिटून बघा. गोंद ओला असतानाच टोकांखाली काड्यापेट्या सरकवून उंची धरा. शेपटीचे छोटे पंख बसवताना वरनं पण बघा आणि मागनं पण बघा, उभी शेपटी त्यांच्याशी काटकोनात हवी. शेपटी वाकडी असली की उत्तम रंग मारून पण विमान दारू प्यायल्यासारखं दिसतं. चाकं, प्रोपेलर, अँटेना, यातलं काही आत्ता लावायचं नाही, रंगवताना हमखास तुटतं. प्रोपेलर फ्रेमवरच ठेवून वेगळा रंगवा, काळा, टोकं पिवळी. खऱ्या विमानात ते पिवळं टोक चार इंच असायचं म्हणजे आपल्याला १.४ मिलिमीटर. नवी माणसं हमखास पाच मिलिमीटर पिवळं करतात आणि मग ते खेळण्यातलं वाटतं.

कॅनोपीचं मास्किंग

हे सगळ्यात किचकट काम, आणि हरिकेनच्या कॅनोपीला चौकटी लई. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी टेप इथं चालत नाही, कड खरबरीत असते आणि रंग खाली शिरतो, इथं हॉबीचीच टेप हवी. कॅनोपीच्या एकेका काचेवर टेपचा तुकडा लावा, टूथपिकच्या बोथट टोकानं चौकटीच्या कडेला दाबत न्या म्हणजे कड टेपमधून स्पष्ट दिसायला लागते, मग कोऱ्या ११ नंबरच्या ब्लेडनं त्या कडेवरनं नुसतं वजन ठेवून ओढा. जोर लावायचा नाही, ब्लेड घसरलं की काचेवर चरा पडतो. प्रत्येक कॅनोपीला नवं ब्लेड, ही कंजुषी करायची जागा नाही. एका बैठकीत सगळं होत नाही, अर्धं आज अर्धं उद्या करा. मग चौकटींवर आधी इंटिरियर ग्रीनचा हात आणि त्यावर बाहेरचा रंग, म्हणजे आतून बघितलं तर हिरवी चौकट दिसते.

पाऊस आणि प्रायमर

इथं आपल्या हवामानाचं बोलायला पाहिजे, कारण परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. जून ते सप्टेंबर बेळगाव, खानापूर पट्ट्यात कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं स्प्रे काय वाळणार. दमट हवेत स्प्रे मारला की थिनर उडताना हवेतलं पाणी रंगाच्या थरावर धरतं आणि पांढुरका धुरकटपणा येतो. म्हणून माझा सल्ला असा की पावसाळ्यात जोडकाम करा, घासा, पुट्टी भरा, कॉकपिट रंगवा, आणि प्रायमर-वार्निशचे स्प्रे गणपती उरकून ऊन पडायला लागलं की. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडं या कामाला सोनं आहे, फक्त वारा आणि धूळ सांभाळा, दुपारी गच्चीवर न मारता सकाळी आडोशाला मारा. तोंडाला मास्क हवाच.

प्रायमरचा कॅन आधी मिनिटभर हलवा, विमान काठीला लावून २०-२५ सेंटिमीटर लांब धरा, विमानाच्या बाहेरच स्प्रे सुरू करा आणि पलीकडं जाऊन थांबवा. पहिला हात एवढा हलका की खालचं प्लॅस्टिक दिसतंय. गाडीचा प्रायमर ओला ओला मारला तर प्लॅस्टिकवर सुरकुत्या येतात, हलके हात मारले तर काही होत नाही, आणि खात्री करायची तर रिकाम्या फ्रेमवर आधी मारून बघा. प्रायमर मारल्यावर राहिलेले ओरखडे सगळे उघडे पडतात, परत घासायला लागणार हे धरूनच चाला.

रंग

फिकट आधी, गडद नंतर. म्हणजे पोट आधी. १९४० च्या उन्हाळ्यापासून रॉयल एअर फोर्सच्या लढाऊ विमानांचं पोट स्काय रंगाचं झालं, नाव स्काय असलं तरी हा फिकट हिरवट आहे, आकाशी निळा घेऊन बसू नका. त्याच्या आधीचं हरिकेन करायचं असेल तर पोटाची डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी, जमिनीवरच्या आपल्याच लोकांना ओळखू यावं म्हणून, आणि ते मॉडेल कपाटात लोकांचं लक्ष लगेच वेधून घेतं.

ब्रशनं रंगवताना रंग बाटलीतून थेट लावायचा नाही. प्लेटमध्ये काढून थोडं पाणी घाला, दुधाएवढा पातळ करा. चपटा ब्रश, एका दिशेनं, एकदा ओढलेल्या जागी परत फिरवायचं नाही. पहिल्या हाताला डागडाग दिसणार, घाबरायचं नाही. नीट वाळू द्या, दुसरा हात आडवा, मग तिसरा. तीन-चार पातळ हातांनी जे होतं ते एका जाड हातानं कधी होत नाही आणि जाड हातात कोरलेल्या रेषा बुजतात त्या बुजतातच.

वरची बाजू आधी पूर्ण डार्क अर्थ, मग पत्रिकेतला नकाशा बघून पेन्सिलनं हलकी रेघ काढा आणि डार्क ग्रीन भरा. १/७२ मध्ये दोन रंगांची कड स्पष्ट असलेलीच बरी दिसते. रंग डब्यावरच्या चित्रापेक्षा किंचित फिकट ठेवला तर मॉडेल जास्त खरं वाटतं, लांबनं बघितलेल्या मोठ्या वस्तूचा रंग उतरलेलाच दिसतो ना, तोच हिशोब. हिरव्यात दोन थेंब फिकट राखाडी घाला.

खरं विमान बघायचं असेल तर दिल्लीत पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात हरिकेन आहे. तेवढं लांब नको असेल तर चोर्ला घाटातनं गोव्याला उतरलात की दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथं हॉकर कंपनीचंच सी हॉक उभं आहे. उन्हापावसात उभ्या विमानांवर रंग कुठं फिका पडतो, स्क्रूच्या भोवती मळ कसा धरतो, पत्र्याच्या सांध्यातून तेल कुठं ओघळतं याचे फोटो काढून आणा. गोव्याला जाऊन विमानाच्या पोटाचे फोटो काढणारा माणूस बघून घरचे काय म्हणतील ते म्हणू द्या.

डिकल आणि वार्निश, इथं क्रम चुकवू नका

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं, गोल खुणा, अक्षरं, नंबर. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्यावर डिकल लावली की खाली हवा अडकते आणि वाळल्यावर चंदेरी पापुद्रा चमकतो. म्हणून आधी ग्लॉस वार्निश, पूर्ण वाळू द्या, मग डिकल, मग परत ग्लॉसचा हलका हात, मग वॉश (तो काय ते खाली सांगतो), आणि सगळ्यात शेवटी मॅट. विमान ग्लॉस मारल्यावर बेकार प्लॅस्टिकसारखं चमकायला लागतं आणि लोकांना वाटतं बिघडलं, बिघडलेलं नसतं, मॅटचा हात बसला की सगळं जागेवर येतं.

डिकल कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून कागदावर ठेवा, ती सुटायला एखादं मिनिट लागतं. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर कडेला पांढरे डाग राहतात, फिल्टरचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरा. जागेवर आधी पाण्याचा थेंब, त्यावर डिकल सरकवा, ब्रशनं जागेवर आणा, आणि मधनं बाहेर असं फडक्यानं टिपत हवा काढा. रेषांमध्ये डिकल बसत नसेल तर डिकल सोल्युशन, नाहीतर पांढऱ्या व्हिनेगरचा हात. डिकल सुरकुतली तरी हात लावायचा नाही, ती आपणच ताणून बसते.

ज्यांना ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं हरिकेन करायचंय त्यांनी हे बघा: तिथल्या विमानांच्या गोल खुणेत लाल ठिपका नसायचा, कारण लाल गोळा म्हणजे जपानी विमान, आणि घाईत आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळी घालू नये म्हणून लाल काढून टाकला होता. किटमध्ये या डिकल बहुतेक नसतात, वेगळ्या घ्याव्या लागतात. मार्क १ च्या पंखांवर मात्र लाल चौकोन असतो तो ठेवा, बंदुकांच्या तोंडावर धूळ-ओल जाऊ नये म्हणून कापडाच्या लाल पट्ट्या चिकटवायचे, पहिल्या फैरीत त्या फाटायच्या. पट्ट्या फाटलेल्या दाखवल्या तर मागं पंखाखाली काजळी दाखवा, पट्ट्या शाबूत आणि काजळी पण आहे असं करू नका, जाणकार लगेच बोट ठेवतात.

वॉश म्हणजे गडद तपकिरी इनॅमल टर्पेंटाइनमध्ये एकदम पातळ करून कोरलेल्या रेषांत सोडायचं. खाली अ‍ॅक्रिलिक आणि ग्लॉस असल्यामुळं टर्पेंटाइन खालच्या रंगाला काही करत नाही. थोड्या वेळानं कापसाच्या काडीनं पुसायचं, वारा ज्या दिशेनं विमानावरनं जातो त्या दिशेनं, पुढनं मागं. एक्झॉस्टचा धूर दाखवायला काळी-तपकिरी खडू पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा आणि मऊ ब्रशनं मॅट वार्निशवर लावा. पायलट चढतो तिथं पंखाच्या मुळाशी चंदेरी पेन्सिलचे चार-दोन ठिपके. चार-दोन म्हणजे चार-दोनच. इथं हात सुटला की नवं विमान भंगारातनं आणल्यासारखं दिसतं.

शेवटचे भाग

आता चाकं. टायर काळे रंगवू नका, गडद राखाडी, आणि जमिनीला टेकतात तिथं पेपरवर दोनदा घासून किंचित सपाट करा म्हणजे विमानाचं वजन वाटतं. पाय बसवले की विमान ग्राफ पेपरवर उभं करून समोरनं बघा, गोंद बसायच्या आत सरळ करता येतं. मग प्रोपेलर, मग कॅनोपी फेविकॉलनं. टेप काढताना सरळ वर ओढू नका, मागं दुमडून हळू.

अँटेनाची तार हवी असेल तर टाकून दिलेल्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर फिरवत धरा, चमकून मऊ झाला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढा, केसाएवढा धागा निघतो. जास्त ओढलं की तुटतो, कमी ओढलं की जाड राहतो, फ्रेम फुकट आहे, हवे तेवढे तुकडे ओढा. अँटेनाच्या खांबाच्या टोकावर आणि शेपटीवर फेविक्विकचा टूथपिकभर थेंब, कॅनोपीपासून लांबच आहे म्हणून चालतंय. सगळ्या हरिकेनना ही तार नव्हती, तुम्ही ज्या विमानाचा नंबर लावलाय त्याचा फोटो बघून ठरवा.

विमान ठेवायचं ते थेट उन्हात नको, डिकल पिवळ्या पडतात. पंख्याखाली उघडं पण नको. काचवाल्याकडनं छोटी पेटी करून घ्या, आतली उंची प्रोपेलरचं पातं उभं धरून मोजा, आणि धूळ बसलीच तर फुंकर न मारता मोठ्या मऊ मेकअप ब्रशनं पुढनं मागं झाडा, तार शेवटी.